मधल्या दरवाज्याले कडी

मी दुकानात पाय ठेवला तं काउंटरवरच्या पोट्ट्यानं पह्यले माह्या मांगं पाह्यलं. का बा, हिच्या संगचा माणूस कुठी हाय. मी म्हटलं, "मांगं कोणी नाई. मले भोक पाडाची मशीन पायजे. बॅटरीवरची."

"कोणासाठी पाहिजे, ताई?"

"माह्यासाठी. काऊन, बाईच्या हातानं भोक पडत नाई का?"

तो दात काढून हसला. असे हसणारे लोक मले डोळ्यासमोर नको वाटते. पण आमच्या गावावरून नागभीडले येऊन-जाऊन अख्खा दिवस जाते अन् एवढं मोठं दुकान दुसरं नाई, म्हून मी राग गिळला. नाई तं तिथंच त्याचं काही खरं नोतं.

आता मले मशीन काऊन पायजे होती ते सांगते. आमचं घर तळ्याच्या पाळीखाली, म्हंजे बांधाखाली. मासे मारणारी माणसं आमी, संग थोडा धान. सासऱ्याचं घर दोघा भावांत वाटल्या गेलं. अर्धं माह्या भासऱ्याचं, म्हंजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, अन् अर्धं आमचं. मधात एक दरवाजा. भासऱ्याचं नाव आमच्यात घेत नाई, पण मी आता सारंच मोडलं हाय तं नाव कायले लपवू? गुणवंतराव. भासरा अन् भावसून, म्हंजे धाकट्या भावाची बायको, आमच्यात एकमेकाले शिवत नाई. चुकून धक्का लागला, मंग मधात फळी का असेना, तरी दोघाईले डोक्यावरून आंघोळ करा लागते, अन् गावात हसू होते ते वेगळंच. सरळ बोलाचंबी नाई. मले त्याइले काही सांगाचं असलं तं मी बकरीले सांगते. "ऐकलं का वो, आपल्या खोलीत युरियाच्या थैल्या कोणं आणून टाकल्या? त्याइले म्हणा, उचला." बकरी पाला खात राह्यते अन् भासरा ऐकते. ऐकते म्हंजे कान हायेत म्हून. उचलत काई नाई.

पह्यले थैल्या आल्या. मंग फाटकी जाळी आली, मंग सुरेंद्रच्या गाडीचे जुने टायर. सुरेंद्र म्हंजे त्याइचा पोरगा. सारं त्या मधल्या दरवाज्यातून येत जाय. दरवाजा आमच्या खोलीत उघडते अन् त्याले कडी नाई. सासऱ्याच्या वेळी कडी लावाची गरज कोणाले होती? ती खोली माह्या आचलची हाय. एकच पोरगी मले. गडचिरोलीले होस्टेलात राहून नर्सिंग शिकून राह्यली. तिची खाट तिथी, तिची पुस्तकं तिथी. पोरगी सुट्टीत घरी आली तं टायर सरकवून झोपे. मले असा संताप येत जाय का काय सांगू.

अन् मंग सुरेंद्रचं लग्न जुळलं. भासरा ओसरीत बसून मोठ्यानं म्हणे, आपल्या बायकोले सांगतो असं दाखवून, "मधल्या खोलीत सुरेंद्रचा पलंग टाकू. पोरीची जात, उद्या उजवून दिली का गेली. मांगं पोरगा नाई तं ते अर्धं घर आज ना उद्या आपल्याकडंच येते. मंग आजच आलं तं काय बिघडलं?"

मी चुलीजवळ होती. माही भाकर तव्यावरच जळली.

माह्या घरचा माणूस तेव्हा तेलंगणात मिरची तोडाले गेला होता. दरसाल जाते. फोन लावला तं म्हणे, "दादासंग तोंडी लागू नोको. मी आलो का पाहू."

"तुमी येईपर्यंत पलंग लागून त्यावर गादी टाकून होते."

"मंग काय करतं, मोठा भाऊ हाय तो."

"आचल कोण हाय?"

त्यानं म्हटलं का इथी आवाज बराबर येत नाई. मले सारा बराबर येत होता.

गावातल्या सुनिल सुताराले बोलावलं. म्हटलं, भाऊ, एक कडी लावून दे, बाकी काई नाई. तो आला, वायरची मशीन बोर्डात लावली अन् खटका दाबला तं सारं बंद. मीटर कुठी हाय? भासऱ्याच्या ओसरीत. त्याईनं मेन पाडला अन् खुर्चीवर पाय पसरून बसले. दुसऱ्या दिवशी सुनिल म्हणे, "बाई, मी हातानंबी लावून देलो असतो, पण गुणवंतभाऊचं लग्नाचं सारं लाकूडकाम माह्याकडं हाय. मले मधात घेऊ नोका." मी त्याले पाणीबी विचारलं नाई. जाय म्हटलं.

तवाच ठरवलं. ज्या मशीनीले भासऱ्याचा करंट लागत नाई अशी मशीन घेईन अन् माह्याच हातानं कडी लावीन. बोकड विकला अन् नागभीडची गाडी धरली. थैलीत जुन्या सागवानाचा एक तुकडा घेतला. आमचा दरवाजा सागवानाचा हाय, अन् जुनं सागवान लोखंडावानी होऊन जाते.

तं तो पोट्टा. त्यानं पह्यले वायरचीच मोठी काढली. "ताई, ही घ्या. स्लॅब फोडते."

"माह्या घरी स्लॅब नाई. अन् तुले मी बॅटरीवरची म्हटलं ना? कानात काय घातलं तू?"

मंग त्यानं बॅटरीवरची मोठी काढली. मी हातात घेतली तं मनगट खालीच वाकलं. डोक्याच्या वर धरून पाह्यली, दोन हात लावूनबी थरथरत होती. तो म्हणे, "जेवढी मोठी तेवढा पावर."

"पावर तूच ठेव. एका हातानं धरता येईन अशी दाखव."

तवा कुठी त्यानं खालच्या फळीवरची लहान मशीन काढली. तिची मूठ माह्या मुठीत बराबर बसली. खटका हळू दाबला तं हळू फिरे, जोरात दाबला तं जोरात. समोर लहानसा लाइट. मानेवर गोल कडं अन् त्यावर आकडे. लहान आकड्यावर ठेवली तं स्क्रू बसला का टर्र करून थांबते, मोठ्यावर ठेवली तं जोर लावत राह्यते. उलटं फिरवाचं बटनबी हाय. मी आपला सागवानाचा तुकडा काउंटरवर ठेवला. "याच्यात पाडून दाखव."

त्यानं बिट लावली अन् दाबली. आवाज निघाला, मंग धूर निघाला, भोक काई पडलं नाई. पोट्टा मशीनीकडं पाहे, मी त्याच्याकडं. आतून दुकानाचा मालक वरडला, "अबे गधड्या, भिताडाची बिट लावली तू! लाकडाची लाव!" लाकडाची लावली तं बारीक-बारीक सुरळ्या निघून तुकडा आरपार झाला. आता मले हसू आलं, अन् मी चांगली दात काढून हसली.

मालक बाहेर आला. म्हातारा माणूस, बोलणं तुसडं, पण काम सांगे. "जुन्या सागात सरळ स्क्रू घालू नका, मुंडी तुटते. आधी बारीक बिटनं वाट पाडा, मंग स्क्रू. स्क्रूले साबण घासा. अन् बॅटऱ्या दोन असलेला डब्बा घ्या. एक संपली का काम अडते." मी दोन बॅटऱ्यावाला डब्बा घेतला, लांब स्क्रू घेतले अन् हातभर लोखंडी कडी घेतली.

चार्ज कुठी करू? शेजारच्या मंगलीच्या घरी. तिच्या बोर्डाले बॅटरी लावून आमी दोघी हिरवा लाइट होईपर्यंत भाजीची पानं तोडत बसलो. मंगली म्हणे, "भासऱ्याले कळलं तं?"

"कळालेच पायजे. कडी का त्याईपासून लपवाले लावून राह्यली मी?"

घरी तुटक्या पाटावर हात बसवला. म्हाताऱ्याचं ऐकलं नाई, सरळ स्क्रू घातला, अन् मुंडी तुटून उडाली ती गालाले लागली. मंग ऐकलं. साबण घासला तं स्क्रू मुकाट्यानं आत जाय.

पलंग आणाले भासरा अन् सुरेंद्र ब्रह्मपुरीले गेले त्या दिवशी सकाळीच मी कामाले लागली. आधी थैल्या, टायर, जाळी, सारं उचलून त्याइच्या बाजूनं फेकलं अन् दरवाजा लोटला. कडी फळीवर धरली, कोळशानं खुणा केल्या अन् खटका दाबला. मातीच्या घरात तो आवाज असा घुमला का कोंबड्या पळाल्या.

पलीकडून माही जाऊ आली. ताराबाई. तिच्या अन् माह्यात भांडणाशिवाय बोलणं नाई. पंधरा वरसं झाली असतील, पाण्याच्या गुंडावरून, म्हंजे घागरीवरून, लागलं ते अजून चालूच हाय. ती दरवाज्याच्या पलीकडून म्हणे, "काय करून राह्यली वो तू? माह्या घराले भोकं पाडून राह्यली का?"

"माह्या बाजूनं पाडून राह्यली, बाई. तुमच्या नाकाले नाई पाडत."

"येऊ दे त्याइले! तुही कडी अन् तू, दोघीबी तळ्यात जातं का नाई पाह्य!"

"तुमालेबी घेऊन जाईन संग!"

"निपुत्री मेली!"

हे ती दर भांडणात म्हणते. मले दर वेळी लागते. मी खटका दाबला अन् तिचं पुढचं काई ऐकलं नाई.

दुपारपर्यंत कडी बसली. लावून पाह्यली, ओढून पाह्यली, लाथ मारून पाह्यली. दरवाजा जागचा हालला नाई. मले एवढा आनंद झाला का मी आचलच्या खाटेवर बसून एकटीच हसली. आचलले फोन लावला अन् म्हटलं, तुही खोली बंद झाली पोरी, आता टायर नाई. ती म्हणे, "आई, तू लावली? तुह्या हातानं?" अन् दोनदा विचारलं.

मंग गाडीचा आवाज आला. पलंग उतरवला. दरवाज्यावर थाप पडली. मंग धक्का. मंग सुरेंद्र म्हणे, "बाबा, आतून कडी हाय." मले वाटलं, जमलं.

अन् मंग दरवाज्याच्या खालून सब्बल, लोखंडी पहार, आत आली.

मी पाहातच राह्यली. आमच्या झाडीपट्टीतले जुने दरवाजे कबज्यावर, म्हंजे बिजागरीवर, नसतात. फळीलेच वर-खाली लाकडाची बोटं असतात, अन् ती चौकटीच्या खळग्यात फिरतात. फळी खालून उचलली का बोट खळग्याच्या बाहेर, अन् दरवाजा कडीसकट हातात. जन्मले तवापासून असेच दरवाजे पाहून राह्यली मी. आखाडीच्या सणाले सासरा दरवाजे असेच उचलून धुवाले तळ्यावर नेत जाय. अन् कडी लावतानी माह्या डोक्यात हे एकदाबी आलं नाई! मले असा राग आला, भासऱ्याचा नाई, माहाच. बयताड कुठली.

सब्बल दाबल्या गेली. फळी वर उठली, कडी वाकली अन् करकरली. पलीकडून भासरा म्हणे, "सुरेंद्र, तू खालून उचल. मी वरून ढकलतो."

मले दुसरं काई सुचलं नाई. मी जाऊन दरवाज्याले पाठ लावून खाली बसली, सारा भार टाकून. फळी धप्पकन खाली बसली.

अन् मी बोलली. बकरीले नाई, भिताडाले नाई, लग्न होऊन आली तवापासून पह्यल्यांदा सरळ त्याइले बोलली. "मी दरवाज्याले टेकून बसली हाव. माही पाठ या फळीले हाय. आता लावा हात. भावसुनेच्या पाठीले हात लावून पलंग आणा पोराचा, अन् मंग सुनेच्या वरातीआधी पाळीवर उभं राहून डोक्यावरून आंघोळ करा. पलंग पाह्याले आलेली मंगली पाहून राह्यली, सारा मोहल्ला पाहून राह्यला."

पलीकडं सब्बल खाली पडली. भासऱ्याचा श्वास मले ऐकू येत होता. माणूस मोठा हट्टी, पण लग्नघर होतं. असल्या वेळी असा डाग कोण लावून घेईन?

सुरेंद्रबी मांगं सरला. त्याले काकूचा विटाळ नाई, पण फळीमांगं बसलेल्या काकूले लाथ कशी मारीन तो?

मी मशीन मांडीवर घेतली. आता मले कळलं होतं का करायचं काय हाय. फळी अन् चौकट, दोन्हीले एकत्र शिवून टाकायचं. मंग उचला म्हणा. पण त्यासाठी उठता येत नोतं. उठली का गेली खोली. मंग मी बसल्या-बसल्या खांद्यावरून एक हात मांगं नेला, बारीक बिट फळीच्या कडेले तिरपी लावली अन् खटका दाबला. मोठी मशीन घेतली असती तं तिथंच मेली असती मी. भोक फळीतून चौकटीत गेलं. बिट काढून स्क्रूची लावली, स्क्रू साबणाच्या वडीत खुपसला अन् मांगं नेला. आंधळ्यावानी चाचपून. पह्यला स्क्रू बसला.

भासऱ्याले आवाजावरून समजलं. तो वरडला, "तारा! इकडं ये! तुले शिवाले चालते तिले. ढकल दरवाजा. ती बाजूले झाली का आमी उचलतो."

आता मात्र माहं पाणी झालं. जावेले जावेचा विटाळ कुठी असते? अन् ताराबाई माह्यापेक्षा दुप्पट. पाण्याचा भरला गुंड डोक्यावर एकटीनं घेते. तिनं एक धक्का देला का वाकलेली कडी तुटून मी खाटेखाली.

ती आली. तिच्या बांगड्या फळीवर वाजल्या. मी पाय जमिनीत रोवले अन् तोंडाले आलं ते बोलत सुटली. रडू येत होतं, राग येत होता, सारं संगच. "ढकला, बाई! ढकला ना! तुमची पोरगी करिश्मा मांगच्या दिवाळीले आली, ओलं बाळंतपण, मांडीवर लेकरू, तं कुठी झोपली ती? ओसरीत! थंडीत! खोल्या पोराच्या म्हून! तुमी रात्रभर तिच्या पायाशी शेगडी घेऊन बसल्या, मी पाह्यलं नाई का? पोरीले घर नसते ना? मंग ढकला! माह्या आचललेबी ओसरीत झोपवा!"

मंग भासरा म्हणे, "काय पाह्यतं? ढकल!"

"ढकलून राह्यली ना!" ताराबाई वरडली. "आई वो माय... हालत नाई हे... भिताड होऊन बसली हे सटवी..."

ती कण्हे, ती वरडे, बांगड्या फळीवर आपटे. मी डोळे मिटून पाठ घट्ट लावून बसली होती, आता धक्का येते, मंग येते. दुसऱ्या स्क्रूचं भोक पाडलं. बॅटरी मंद होऊन राह्यली होती. दुसरी लावली. अन् तवा माह्या ध्यानात आलं. फळी माह्या पाठीले जराबी रेटून राह्यली नोती. एवढं कण्हणं, एवढा आवाज, अन् पाठीवर जोर एका बोटाचाबी नाई.

मी मशीन धरून तशीच बसली. खटका दाबाचं सुचलंच नाई मले.

फळीच्या फटीतून, अगदी माह्या कानापाशी, ताराबाईचा आवाज आला. बारीक अन् रागाचा.

"भवाने, स्क्रू कस ना लवकर. मी किती वेळ कण्हू?"

मी खटका दाबला. स्क्रू आत जात राह्यला अन् मी रडत राह्यली. ताराबाईसाठी मले कधी रडू येईन असं सकाळी कोणं म्हटलं असतं, तं त्याचं तोंड फोडलं असतं मी.